चवीचा रकाना

काचेची सहा भांडी, सहा पाती
आणि तुरटीची सहा वेगळी मापं.
भांडुपच्या प्रयोगशाळेत रात्री दोनला एवढंच चालतं:
आधी जोरात ढवळायचं, मग हळू,
मग हात मागे घेऊन बघत राहायचं.
गाळाचे कण एकमेकांना शोधत येतात,
कापसासारखे होतात, जड होतात, बसतात.
चौथ्या भांड्यात आधी बसले
की चौथ्याचं माप मी फोनवर सांगते
आणि सकाळी निम्मं शहर
त्या मापाचा चहा पितं.

कपाटात एक जुनी वही आहे, कुणा रेगेंच्या अक्षरातली.
‘जुलै. पाणी काकवीसारखं. तुरटी दुप्पट. झोप नाही.’
त्याआधीच्या वह्या नाहीत.
त्याआधी विहिरी होत्या, टाकी होती, तलाव होते.
धोबी तलावात आता धोबी नाही, तलावही नाही;
गोवालिया टँकवर पोरं क्रिकेट खेळतात.
या शहरात पाणी मेलं
की त्याच्या नावानं चौक होतो.

मग विहारचं पाणी नळानं आलं
तेव्हा म्हणे काही घरं अडून बसली:
तोटीत चामड्याची चकती आहे,
धर्म बुडेल.
धर्म कुठला बुडतोय!
बुडाली ती गावं, पुढे, फार वर,
वैतरणेकाठची, भातसेकाठची.
त्यांच्या नावाचे चौकसुद्धा नाहीत.

हिरामण आगिवले वाळूच्या थरांवर असतो.
थर तुंबला की तो आधी खालून हवा सोडतो,
मग पाणी, तेही खालून वर,
आणि अख्खा हौद भाताच्या पातेल्यासारखा रटरटतो.
दिवसभर शहरासाठी गिळलेलं
वाळू दहा मिनिटांत ओकून टाकते.
तो कठड्याला टेकून बघतो. कंटाळत नाही.

कधी कधी कच्च्या पाण्याचा नमुना आणताना
तो बोट बुडवून चाटतो.
अरे, मरशील, मी म्हणते.
‘वैतरणा हाय,’ तो म्हणतो. ‘आज्याच्या वावरावरची.’
मी यंत्रात बघते. आकडा येतो: अकरा पूर्णांक चार.
यंत्राला आजा नाही.

दर शनिवारी त्याच्या पिशवीत दोन कॅन असतात,
गोडेतेलाचे, साबणानं तीनदा धुतलेले,
आमच्याच नळावर भरलेले.
खर्डीला उतरून पुढे जीप, जीप संपली की पाय.
मे महिन्यात त्याची बायको, पारू,
रात्री दोनलाच विहिरीत उतरते;
वाटीनं पाणी भरते, खडकातून झिरपेल तसं.
एक वाटी, मग थांबायचं.
एक वाटी, मग थांबायचं.
म्हणजे आम्ही दोघी एकाच वेळी
पाणी निवळण्याची वाट बघत असतो.
ज्या उतारावरून ते फुकट घरंगळत आलं
तोच चढ हिरामण चढतो,
दहा किलो पाणी खांद्यावर,
लेकीला माहेरी पोचवावं तसं.
‘क्लोरीनचा वास येतो म्हणते,’ तो हसत सांगतो.
‘पण पोरं पितात.’

काल रात्री वही भरत होते.
रंग. गंध. गढूळपणा. उरलेला क्लोरीन.
शेवटी चवीचा रकाना.
तिथे वीस वर्षं आम्ही सगळे
एकच शब्द लिहीत आलोय.
पेन थोडं थांबलं.
बाहेर हिरामणनं हवा सोडली होती,
खिडकीची काच बारीक थरथरत होती.

‘निर्दोष’ लिहिलं.
खोटं नाही त्यात काही.
रकाना पाण्यापुरताच आहे.